दोन मानपाडे आणि एक पाटी

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. दुसरा डोंबिवलीचा, ज्याच्या नावाचा रस्ता पूर्वेला स्टेशनाजवळून निघतो आणि दुकानं, रिक्षा, गावदेवीचं देऊळ, पुन्हा दुकानं असं करत कल्याण-शीळ रोडला जाऊन भिडतो. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. दोघांत ये-जा करतो तो फक्त पार्सलवाला, आणि तोही पत्ता चुकून. तरी अलीकडे दोघांनाही एकाच प्रकारचं वेड लागलंय. ठाण्याच्या मानपाड्यात सगळं नवं आहे आणि त्याला जुनं दिसायचंय. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर बरंच जुनं आहे आणि त्याला नवं दिसायचंय. जसं आहे तसं दिसायला ज्यांची हरकत नाही असे फक्त आम्ही रहिवासी, आणि आम्हाला विचारतो कोण?

आधी ठाण्याचं. येऊरचा डोंगर सोडला तर इथली सर्वांत पुरातन वास्तू म्हणजे मेट्रोचं बांधकाम, असं तिथे राहणारा माझा आतेभाऊ म्हणतो. अतिशयोक्ती आहे, पण संध्याकाळी सातला मानपाड्याच्या सिग्नलला उभं राहिलं की पटते. थोडं पुढे पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेटमध्ये ग्रीक खांब आहेत, रोमन कमानी आहेत. आता रोमन लोक काही घोडबंदरपर्यंत आले नव्हते. पोर्तुगीज आले होते. त्यांनी बांधलेला आणि 1737 साली मराठ्यांनी घेतलेला खराखुरा किल्ला याच रस्त्याच्या टोकाला, घोडबंदरला आहे. पण त्याच्यासारखी इमारत बांधावी असं कुठल्या बिल्डरला वाटल्याचं ऐकिवात नाही. इतिहास हवा तर लांबचा हवा. जवळच्या इतिहासाला भाव येत नाही.

आतेभावाने मला जेवायला नेलं ते एका वाड्यात. वाडा मॉलच्या वरच्या मजल्यावर होता. सरकत्या जिन्याने वाड्यात प्रवेश करताना पेशव्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. दिंडी दरवाजा होता, त्याला पितळी खिळे होते, आणि तो आपोआप लागू नये म्हणून मागे अग्निशमनाचं लाल नळकांडं टेकवलेलं होतं. सागवानी खांबावर टिचकी मारली तर आवाज पोकळ आला. कोनाड्यात कंदील, कंदिलात एलईडी, आणि तो फडफडल्यासारखा दिसावा म्हणून आत काहीतरी यंत्र. जात्यावर काच ठेवून टेबल केलेलं. ज्या जात्यापुढे बसून कुणाच्या तरी आजीची कंबर गेली असेल, त्याच्यापुढे बसून एक तरुण जोडपं ‘लो कार्ब’ काय आहे ते विचारत होतं. वाढप्याच्या धोतराला बाजूने चेन होती. तो अदबीने वाकून म्हणाला, ‘‘साहेब, पाणी बिसलेरी की रेग्युलर?’’

पण माझी नजर गेली ती एका भिंतीकडे. तिला जुन्या फळ्या मारल्या होत्या. ज्यांनी शटर यायच्या आधीची दुकानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: दुकान बंद करताना वर-खाली असलेल्या खाचेत एकेक उभी फळी सरकवायची. शेवटच्या फळीला कडी आणि कडीला कुलूप. फळ्या हाताने रंधलेल्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसायची नाही. म्हणून प्रत्येकीवर तेलरंगाने आकडा घातलेला असे. इथे त्या फळ्या आडव्या ठोकल्या होत्या. 2 नंतर 7, मग 4 उलटा, मग 1. या क्रमाने लावायला गेलं तर दुकान कधीच बंद होणार नाही, ही व्यापाराच्या दृष्टीने जमेची बाजू. मालकाला विचारलं तर म्हणाला, ‘‘चोर बाजारातून उचलल्या. अँटिक आहेत.’’ मुंबईच्या चोर बाजारात अशा चौकटी, तुळया, कड्या-कोयंडे ढिगाने असतात. वाडा पाडणारा त्या भंगारात घालतो आणि हॉटेलवाला पुराणवस्तू म्हणून उचलतो. मधल्या टेम्पोच्या प्रवासातच काय ते लाकडाचं वय वाढतं.

आता डोंबिवलीचं. आमची बिल्डिंग मानपाडा रोडवर, तळमजला अधिक तीन. कपाळावर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत नाव आणि त्याखाली ‘शके 1892’, म्हणजे 1970 चं बांधकाम. नाव सांगत नाही. शेवटचा शब्द ‘निवास’ आहे एवढं पुरे. गवंडी हौशी असावा. जिन्याला सिमेंटची नक्षीदार जाळी आहे. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्यातून पायऱ्यांवर उन्हाच्या चांदण्या पडतात. गॅलरीच्या लोखंडी कठड्यात कमळं आहेत. खाली चार गाळे, त्यांच्यापुढे सलग ओटा आणि ओट्यावर पुरुषभर रुंदीचा छज्जा. या ओट्यावर दसऱ्याला झेंडूवाल्या बसतात, एरवी पावसात अडकलेली माणसं उभी राहतात आणि संध्याकाळी आमचे तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा जिना चढण्याआधी दम खातात. याला वारसा वगैरे म्हणावं असं आमच्या कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आम्ही त्याला ‘गळती’ म्हणत होतो.

सगळ्यात मोठा गाळा साडीवाल्या शेठचा. बापाच्या वेळचं दुकान. आत पांढरी गादी, भिंतीला तक्के. चपला ओट्यावर काढायच्या, मांडी घालून बसायचं, चहा यायचा आणि मग शेठ म्हणायचे, ‘‘घेऊ नका ताई, नुसतं बघा.’’ नुसतं बघायला बसलेली बाई रिकाम्या हाताने उठल्याचं मानपाडा रोडच्या इतिहासात नमूद नाही. फळ्या जाऊन शटर आलं, शटरवर ग्लो-साइन आली आणि ग्लो-साइनच्या मागे बिल्डिंगचं नाव गेलं ते गेलंच. तेव्हापासून आमचा पत्ता ‘साडीवाल्यांची बिल्डिंग’ असा आहे. बँकेच्या कागदपत्रांवर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं.

शेठचा मुलगा बाहेरून काहीतरी मॅनेजमेंट शिकून आला आणि दुकानाला ‘हाय स्ट्रीट लुक’ द्यायचं त्याने ठरवलं. त्याने संगणकावर काढलेलं चित्र सोसायटीच्या सभेत फिरवलं. चित्रात आमची बिल्डिंग होती, पण ती ओळखायला आमच्या सेक्रेटरींना चष्मा दोनदा पुसावा लागला. ओटा गायब, तिथे जमिनीपासून छज्ज्यापर्यंत काच. काचेत डोकं नसलेले पुतळे, अंगावर पैठण्या. गादी गायब. पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्यांवरून सरळ राखाडी एसीपीचे पत्रे आणि त्यांवर दुकानाचं नाव. रस्त्यावर चार गोरी माणसं आणि एक कुत्रा. रिक्षा एकही नाही.

‘‘हे डोंबिवली आहे?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘होणार आहे,’’ मुलगा म्हणाला.

सभेपुढे दुसरा विषय होता पालिकेच्या नोटिशीचा. इमारतीला तीस वर्षं झाली की कायद्याने तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून दाखला द्यावा लागतो. आमच्या ऑडिटचा निकाल आला होता ‘सी-टू-बी’. सेक्रेटरींनी तो वाचून दाखवला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदम खूश झाल्या. त्यांची बहीण मुंबईत फोर्टला राहते, तिच्या इमारतीला ‘टू-बी’ मिळालंय आणि त्यामुळे तिला कोणी हात लावू शकत नाही. ‘‘म्हणजे आपण हेरिटेज झालो?’’

‘‘नाही वहिनी,’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘आपण धोकादायक झालो.’’

चूक वहिनींची नाही. मुंबईत 1995 च्या नियमावलीपासून वारसा वास्तूंच्या श्रेणी आहेत: एक, दोन-ए, दोन-बी, तीन. आणि धोकादायक इमारतींच्या श्रेणी आहेत: सी-वन, सी-टू-ए, सी-टू-बी, सी-थ्री. एका यादीत अगदी वर असलेल्या इमारतीला पाडू देत नाहीत, दुसरीत अगदी वर असलेलीला उभी राहू देत नाहीत. दोन्हींचं प्लास्टर सारखंच पडतं, दोन्हींना पिंपळ सारखाच उगवतो. दोन्ही याद्या करणाऱ्या साहेबांनी कधी चुकून फायली बदलल्या तर निम्मं फोर्ट जमीनदोस्त होईल आणि आमच्या जिन्याला परदेशी पाहुणे कॅमेरे घेऊन येतील. सी-टू-बीचा अर्थ एवढाच, की घरं रिकामी न करता दुरुस्ती करा. दुरुस्तीला पैसे लागतात आणि सोसायटीच्या खात्यात होते ते पाहून सगळे शेठकडे बघायला लागले. शेठच्या मुलाने ही संधी सोडली नाही. ‘‘दर्शनी बाजूची दुरुस्ती आमच्याकडून. फक्त दर्शनी बाजू आम्हाला द्या.’’

इथे दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. काकांची सगळी नोकरी फोर्टात, दादाभाई नौरोजी रोडवर झाली. त्याला ते अजून हॉर्नबी रोड म्हणतात. व्ही.टी.ला उतरून ऑफिसात पोचेपर्यंत पावसात कधी छत्री उघडावी लागली नाही, हा त्यांच्या आयुष्यातला अभिमानाचा मुद्दा. त्याचं श्रेय 1896 च्या एका सरकारी नियमाला आहे. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा ठेवलाच पाहिजे, असा तो नियम. इमारती वेगवेगळ्या धाटणीच्या, पण खालून चालणाऱ्याला रस्ता एकच वाटावा. पुढे शंभर वर्षांत दुकानदारांनी त्या कमानींवर एवढ्या पाट्या चढवल्या की कमानीच दिसेनाशा झाल्या. 1998 च्या सुमाराला आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या दुकानदारांना गाठून पाट्यांचा प्रश्न हाती घेतला. पाटी हवी तेवढी सुंदर करा, पण कमानीच्या आत बसवा, कमानीच्या अंगावर नको. दुकानदारांनी पदरचे पैसे घालून पाट्या उतरवल्या, स्वतःची संघटना काढली, आणि झालेल्या कामाची दखल युनेस्कोनेही घेतली. ‘‘आणि धंदा कुणाचा बुडला नाही,’’ काका म्हणाले. ‘‘तेव्हा तुमची पाटी छज्ज्याच्या खाली लावा. वर आमच्या गॅलऱ्या आहेत, तिथे आमचे लेंगे वाळतात.’’

‘‘छज्ज्याखाली लावली तर दिसणार कोणाला?’’ मुलगा म्हणाला.

‘‘ओट्यावर चढलेल्या गिऱ्हाइकाला.’’

‘‘तो तर आलेलाच आहे, काका. त्याला पाटी कशाला?’’

मुद्दा बिनतोड होता. काका खाली बसले.

मग मुलाने बाजी उलटवायला फिनिक्स मिल काढली. लोअर परळची 1905 ची गिरणी, तिथे आज केवढा मॉल आहे, पण जुनी चिमणी जागेवर ठेवलीच ना? तसं आपणही जुनं काहीतरी एक ठेवू आणि बाकीचं बदलू. गिरणीचा भोंगा गेला, कामगार गेले, चाळी गेल्या, आणि चिमणी मात्र सेलच्या गर्दीकडे बघत उभी आहे, हा वारसा सांभाळण्याचा प्रकार मला जरा भीतिदायक वाटतो. पण सभेला तो पसंत पडला. आता आमची चिमणी कोणती, यावर चर्चा सुरू झाली. कोणी पाण्याची टाकी सुचवली. कोणी जिन्याची जाळी. बिल्डिंगमधली सर्वांत जुनी आणि चालू स्थितीत असलेली वस्तू कोणती, असा प्रश्न आल्यावर सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा म्हणाले, ‘‘मी काचेत बसणार नाही.’’

या गडबडीत मीही माझं ज्ञान पाजळून घेतलं. हे एसीपीचं प्रकरण आपल्याला नवं असलं तरी अमेरिकेत शिळं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गावाबाहेर मोठमोठी शॉपिंग सेंटरं निघाली आणि गावातल्या जुन्या पेठांमधलं गिऱ्हाईक तिकडे पळालं. घाबरलेल्या दुकानदारांनी आपल्या शंभर वर्षांच्या नक्षीदार विटांच्या इमारतींना ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले, म्हणजे आपणही नवे दिसू. गिऱ्हाईक काही परतलं नाही. त्याला नवंच हवं होतं तर ते पार्किंगसकट बाहेर मिळतच होतं. अखेर 1977 साली तिथल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने मॅडिसन, गेल्सबर्ग आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत ‘मेन स्ट्रीट’ नावाचा प्रयोग केला. पेठेचं जुनेपण हेच तिचं भांडवल धरायचं आणि दुकानदारांना त्यावर धंदा करायला शिकवायचं. त्यानंतर गावोगाव ते पत्रे उतरायला लागले. पत्र्याआड झाकलेल्या खिडक्या बऱ्याच ठिकाणी शाबूत निघाल्या. तेव्हा लावणं आणि काढणं यांत तिथे साधारण तीस वर्षं गेली. आपण आत्ता लावतोय.

‘‘म्हणजे तीस वर्षं तर टिकेल,’’ मुलगा म्हणाला. त्याचा स्वभाव आशावादी आहे.

एसीपी म्हणजे काय तेही सांगून टाकलं: ॲल्युमिनियमचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बहुधा प्लास्टिक, सगळं मिळून तीन-चार मिलिमीटर. लंडनचा ग्रेनफेल टॉवर 2017 साली पेटला आणि 72 माणसं गेली, तिथे आग पसरवणारं बाहेरचं आवरण याच जातीचं होतं. यावर सभेत क्षणभर शांतता पसरली. मग खजिनदारांनी विचारलं, ‘‘पण रंगाचा खर्च वाचतो ना?’’

खरी बाजू मांडली ती वहिनींनी. त्यांना ना अमेरिकेशी कर्तव्य, ना युनेस्कोशी. त्यांचं माहेर पुण्याचं. ‘‘तुळशीबागेत कुठे काचा आहेत?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मध्ये पेशव्यांच्या वेळचं रामाचं देऊळ, आजूबाजूला बांगड्या, भातुकली, पितळी भांडी. कोणी डिझायनर बोलावला नाही. तरी पाय ठेवायला जागा नसते. आणि तुमच्याकडून मी आजवर जेवढ्या साड्या घेतल्या ना शेठ, त्यातल्या निम्म्या पाऊस आला म्हणून घेतल्या. ओट्यावर उभं राहायचं, पाऊस थांबत नाही, मग माणूस काय करणार? आत बघणार. ओटा काढलात तर मी समोरच्या बेकरीत उभी राहीन आणि खारी घेईन.’’

इतका वेळ गप्प बसलेल्या शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. कमान, खिडकी, नक्षी या गोष्टींनी माणूस थांबतो की नाही मला ठाऊक नाही, पण सावलीने आणि टेकायला मिळालेल्या कठड्याने थांबतो, आणि थांबलेला माणूस हेच किरकोळ विक्रीचं अर्धं काम आहे. मॉलवाल्यांना हे कळतं. आतेभावाच्या मॉलमध्येही बाकं आहेत आणि ती नेमकी काचांकडे तोंड करून ठेवलेली आहेत. म्हणजे त्यांनी ओटाच बांधलाय, फक्त वातानुकूलित. आणि ज्याच्याकडे तो बापजाद्यांपासून फुकट आहे, तो तोडायला निघालाय.

मग पाटीचा घोळ. मुळात मुलाला वरची जागा हवी होती ती पाटीची उंची वाढली म्हणून, आणि ती वाढली कायद्यामुळे. 2022 च्या दुरुस्तीने सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालणार नाहीत असं ठरलं, आणि 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. नियम छान आहे. पण मराठी मोठं करायला इंग्रजी लहान करावं, हे आमच्या रस्त्यावर कोणालाच सुचलं नाही. इंग्रजी होतं तसंच ठेवून त्याच्या डोक्यावर तेवढंच मराठी चढवलं. सगळ्या पाट्या दुप्पट झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या लोकांना खिडकीतून आता समोरच्या दुकानाचा फक्त रफार दिसतो.

रात्री साडेदहाला ठराव झाला. ओटा आणि छज्जा आहे तसाच राहील. दुकानाला ओट्याच्या आत काच बसेल. निम्म्या भागात गादी, निम्म्या भागात पुतळे. पुतळ्यांना डोकी असावीत अशी वहिनींची उपसूचना एकमताने मंजूर. दुकानाची पाटी छज्ज्याखाली, गॅलऱ्यांना हात लावायचा नाही. एसीपी फक्त छज्ज्याच्या वरच्या, गॅलरीखालच्या पट्ट्यात, आणि तेही आग न धरणाऱ्या प्रतीचं. त्या पट्ट्यात मधोमध चौकोन कापून बिल्डिंगचं मूळ नाव उघडं ठेवायचं, कारण ते सिमेंटचं नाव हीच आमची चिमणी, असं अखेर ठरलं. सूचक काका, अनुमोदक आप्पा. काचेत बसायचं टळल्यामुळे आप्पा अनुमोदन द्यायला उत्सुक होते.

काम झालं आणि खरं सांगायचं तर वाईट झालं नाही. ग्लो-साइन काढली तेव्हा मागे धूळ, चिमण्यांची घरटी आणि अक्षरं जशीच्या तशी निघाली. ‘शके’मधल्या ‘श’ची शेंडी तेवढी तुटली होती, ती रंगाऱ्याने आपल्या मनाने बसवली. शेठच्या मुलालाच हौस आली. त्याने अक्षरांना सोनेरी रंग दिला, वरून दोन दिवे सोडले. रात्री स्टेशनकडून येताना आता लांबून आधी तेच दिसतं: सोनेरी ‘निवास’. दुकानाची पाटी छज्ज्याखाली असल्यामुळे ती मात्र जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

पहिल्याच लग्नसराईत रात्री आठच्या सुमाराला एक वऱ्हाड बॅगा, वळकट्या आणि एका पेंगुळलेल्या आजोबांसकट ओट्यावर येऊन उतरलं. त्यांच्यातले एक गृहस्थ चपला काढून आत गेले आणि गल्ल्यावर बसलेल्या शेठना म्हणाले, ‘‘तीन खोल्या लागतील. एक खालची द्या, नाना जिना चढत नाहीत. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?’’

मुलगा समजावून सांगायला पुढे झाला, पण शेठनी त्याला हातानेच थांबवलं. आजोबांना तक्का दिला, पोराला चहा सांगायला पिटाळलं आणि बायकांकडे वळून म्हणाले, ‘‘खोल्यांचं बघू. तोवर बसा ताई. घेऊ नका, नुसतं बघा.’’

त्या मंडळींनी दोन नऊवारी, एक शालू आणि मानपानाच्या सहा साड्या घेतल्या, आणि मुक्काम कल्याणला केला.